ऑक्सिजन फ्री

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. तुम्ही हसणारच म्हणा, पण निदान कबूल तरी करा! आणि चहाचा घोट तोंडात असेल तर गिळून टाका. माझ्यामुळे एकदा सगळी बिल्डिंग गोळा झालीय, आता आणखी कोणाला ठसका नको.

तर आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, टिटवाळ्याला एकटे राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. कान अधू आणि नाद सिनेमाचा. त्यांचा टीव्ही लागला की खालच्या मजल्यावरच्या लोकांनाही गोष्ट कळते. मी म्हणत होते, अप्पा, कानाचं मशीन घ्या. ते म्हणत होते, माझ्या कानांना काही झालेलं नाही, टीव्हीचाच आवाज पोकळ आहे, मला चहूबाजूंनी आवाज येणारं ते होम थिएटर पाहिजे. मी निक्षून सांगितलं, आधी कान, मग थिएटर. विषय संपला.

संपला असं मला वाटलं.

त्या शनिवारी दुपारी मी डोंबिवलीला आमच्या घरी मेथी निवडत बसले होते. सतीश, म्हणजे माझा नवरा, बाल्कनीत पाठ करून फोनवर बोलत होता. इतकं हळू, की मला कान द्यावेच लागले. आता नवरा मोठ्याने बोलला तर कोण ऐकतं हो? हळू बोलला की मात्र एकही शब्द सुटत नाही.

"नाही नाही, ऑक्सिजन फ्रीच द्या. अप्पांसाठी आहे, तिथे तडजोड नको."

माझ्या हातातली जुडी गळून पडली.

तुम्हाला म्हणून सांगते, माझी आई गेली तेव्हा ऑक्सिजनसाठी आम्ही दोन दिवस फोन फिरवत होतो. मिळाला तोवर उशीर झाला होता. तेव्हापासून तो शब्द मला ऐकवत नाही. आणि आता तोच शब्द, अप्पांच्या नावाबरोबर!

"सोळा नको हो. चौदा बघा. बारा मिळालं तर देवच पावला!" सतीश म्हणत होता. "आणि सेंटरचं काय? हां... बनाना लावला की घट्ट होईल ना नक्की? सारखं लूज होतंय म्हणून विचारलं."

अरे देवा, जुलाबपण लागलेत!

"आणि हे बघा, घरी फोन करू नका, सीमाला यातलं काही कळता कामा नये. कळलं तर संपलंच सगळं."

सीमा म्हणजे मी.

सतीश आत आला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "कोलशेतला जाऊन येतो गं, क्लायंट आहे," आणि निघून गेला. शनिवारी दुपारी कसला क्लायंट? दीड तास मी त्याला फोन लावत राहिले, त्याने एकदाही उचलला नाही.

शेवटी मी तशीच उठून समोरच्या दारात. तिथे पाटकर मावशी राहतात, पालिकेच्या इस्पितळातून रिटायर झालेल्या नर्स. बाईंनी आयुष्यभर इतकी माणसं मरताना पाहिलीत की त्यांना कशाचंच काही वाटत नाही.

"मावशी, सोळा नको, चौदा हवं, बारा मिळालं तर देव पावला... हिमोग्लोबिन असेल का हो?"

"छे. त्यात बाराचं कसलं कौतुक?" मावशींनी चष्मा कपाळावर ढकलला. "आणखी काय म्हणाला?"

"ऑक्सिजन."

मावशी म्हणाल्या, "लिटर असतील. मिनिटाला सोळा लिटर लागत असेल तर, सीमा..." आणि त्या तडक उठल्या. पर्स घेतली.

मी अप्पांना फोन लावला. बऱ्याच वेळाने उचलला.

"अप्पा! कसे आहात?"

"मी? मी... ठणठणीत! का गं?" आवाज घोगरा, धाप लागल्यासारखा. "तू मात्र येऊ नकोस हं आज. अजिबात येऊ नकोस."

आणि मागून सतीशचा आवाज! कोलशेतला गेलेल्या सतीशचा!

"अप्पा, याला खाली जमिनीवरच ठेवायचं ना?"

फोन कट.

आमच्यात माणसाला खाली जमिनीवर कधी ठेवतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. भिंतीला धरून मी तिथेच बसले.

मावशींनी ओळखीची ॲम्ब्युलन्स मागवली, आत छोटा सिलेंडर. आयुष्यात पहिल्यांदा ॲम्ब्युलन्समध्ये बसले, तीही धडधाकट! पत्रीपूल आला तोवर माझे सगळे देव संपले होते. शहाडच्या पुलावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. अप्पांशी गेल्या रविवारी कानाच्या मशीनवरून किती वाईट बोलले, ते आठवत होतं. "तुम्हाला ऐकू येत नाही आणि ऐकायचंही नाही!" असं म्हणाले होते हो मी. बापाशी हे शेवटचं बोलणं?

"मावशी, ते वाचतील ना?"

"पल्स बघू दे तुझी," मावशी म्हणाल्या. त्यांनाही माझीच काळजी वाटायला लागली होती.

टिटवाळ्याला बिल्डिंगची लिफ्ट बंद. चार मजले! मी पुढे, मावशी मागे, त्यांच्यामागे सिलेंडर खांद्यावर घेतलेला ड्रायव्हर. प्रत्येक मजल्यावर दारं उघडत होती. "काय झालं? कोणाला झालं?" मी आपली पायऱ्या चढत राहिले.

अप्पांचं दार बंद. आतून आवाज येत होता. घरघर. जड, अडकत येणारा श्वास. मग कोणीतरी धावलं, काहीतरी खणकन पडलं. मी बेल दाबली, पण लिफ्टसारखी तीही बिघडलेली. हात उगारला दार ठोठावायला, तेवढ्यात आतून एक गंभीर, अनोळखी आवाज म्हणाला,

"सॉरी. आम्ही खूप प्रयत्न केले."

आणि एका बाईने हंबरडा फोडला.

मग मीही फोडला. दाराबाहेरच बसकण मारली आणि "अप्पाऽऽ" करून जी रडायला लागले, ती काही विचारू नका. वरच्या मजल्यावरचे लोक खाली आले, खालचे वर. एका आजींनी तर मला न ओळखताच पदर डोळ्यांना लावला. मावशी माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

एवढ्यात आतून अप्पांचा आवाज आला. मेलेल्या अप्पांचा! खणखणीत!

"सतीशराव, मागचा डावा स्पीकर बघा काय वाजतोय! अगदी दाराबाहेर कोणी रडतंय असं वाटतंय!"

अप्पा जिवंत आहेत हे डोक्यात शिरलं आणि मी आनंदाने आणखी जोरात रडले.

"थांबा, पॉज करतो," सतीश म्हणाला. आतली बाई गप्प झाली. मी कसली गप्प होते?

"अहो अप्पा... पॉज केलंय, तरी मागचा डावा चालूच आहे!"

दार उघडलं. समोर सतीश, हातात रिमोट. मागे खुर्चीत अप्पा, मांडीवर चिवड्याची वाटी. कोपऱ्यात जमिनीवर एक काळा ठोकळा, घुमणाऱ्या आवाजाचा स्पीकर. भिंतींवर स्पीकर, आणि सगळीकडे जाडजूड वायर.

"पेशंट कुठाय?" मागून धापा टाकत ड्रायव्हरने विचारलं.

तेवढ्यात माझ्या डोळ्यांसमोर अंधारी आली. त्यामुळे पेशंट शोधावा लागला नाही.

शुद्धीवर आले तेव्हा मी अप्पांच्या खुर्चीत होते आणि तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. दारात अर्धी बिल्डिंग. सतीश मला समजावत होता, "अगं, वायर घेत होतो स्पीकरची! ऑक्सिजन फ्री म्हणजे ऑक्सिजन काढलेलं, चांगल्या प्रतीचं तांबं. सोळा, चौदा ही वायरची जाडी, आकडा कमी तितकी जाड. सेंटर म्हणजे मधला स्पीकर. बनाना म्हणजे टोकाची पिन, वायर लूज होऊ नये म्हणून!"

मास्कमधून मी काय बोलणार, आणि कोणत्या तोंडाने?

अप्पा शेजारी बसून माझा हात चोळत होते. त्यांचे डोळे पाणावले होते. मी मास्क बाजूला केला.

"अप्पा, पोटची मुलगी दाराबाहेर ऊर फुटेस्तोवर रडत होती. तुम्हाला माझा आवाजसुद्धा ओळखता आला नाही?"

"आला की!" अप्पा म्हणाले. "म्हणून तर सतीशरावांना म्हटलं, ही नटी कोण आहे बघा, अगदी आमच्या सीमासारखी भसाडी रडते!"