सिरोंच्याच्या वाटेवर न लागलेला दिवा

भद्रावतीहून पहाटे साडेपाचला निघालो तेव्हा कुमुदची पांढरी गाडी धुक्यात दिसतच नव्हती. मी चाचपडत दार शोधले आणि माझी पर्स शेजाऱ्यांच्या स्कूटरवर ठेवून आत बसले. ते लक्षात आल्यावर दोघी इतक्या हसलो की समोरच्या घरातला दिवा लागला. अठ्ठावन्न वर्षांच्या बायकांनी पहाटे कॉलनीत असे खिदळू नये. पण नागपूरच्या वसतिगृहात एका खोलीत चार वर्षे काढलेल्या मैत्रिणी भेटल्या की वयाचे भान कोणाला राहते?

त्या खोलीतली तिसरी सरोजा. ती सिरोंच्याच्या एका शाळेत शिकवत होती आणि आज निवृत्त होणार होती. दुपारी चारला निरोप समारंभ. तिच्या घरचे कोणीच उरलेले नाही. "पहिल्या रांगेत माझ्या बाजूने बसायला तुम्ही दोघीच," ती फोनवर म्हणाली होती. "तुम्ही नसाल तर मी भाषण करणार नाही. रडत उभी राहीन, बस." म्हणून मी नाशिकहून आले होते.

कुमुदने किल्ली फिरवली. "बघ शोभे, एकही लाल दिवा नाही! आधी तो बॅटरीचा दिवा लागायचा आणि गाडी सुरू झाली की विझायचा. परवापासून तोही लागत नाही. शहाणी झाली माझी गाडी."

मला गाडीतले काडीचेही कळत नाही. मी गाडीचे कौतुक केले.

चंद्रपूर धुक्यातच मागे पडले. गोंडपिपरीला थांबून तर्री-पोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा) खाल्ले. नाकाडोळ्यांतून पाणी आले तरी मी दुसरी प्लेट मागवली. तोवर ऊन पडले होते. धानाच्या कापलेल्या शेतांत तणसाचे (भाताच्या पेंढ्याचे) ढीग पिवळेधमक दिसत होते. आष्टीला वैनगंगेच्या पुलावर कुमुदने रेडिओ मोठा केला आणि आम्ही गाऊ लागलो. धुके कधीच ओसरले होते, पण पुढचे दिवे बंद करायचे दोघींनाही सुचले नाही.

आलापल्लीच्या पुढे साग सुरू झाला. सरळसोट खोड, वर पानांचा पापड झालेला, आणि खाली त्याच पानांचा करकरीत थर. वाटेत बसलेल्या गाईला कुमुदने हॉर्न दिला तर तो कण्हल्यासारखा वाजला. गाईने मान वळवूनही पाहिले नाही. थोड्या वेळाने रेडिओ कुजबुजू लागला, मग मुका झाला. त्यापाठोपाठ गाडीने दोन आचके दिले आणि एका उतारावर हळूच थांबली.

साडेअकरा वाजले होते. सिरोंचा अजून शंभरेक किलोमीटर. फोनला रेंज नाही. कुमुदने किल्ली फिरवली. टक् असा आवाज झाला, बाकी काही नाही. आता मात्र हसू गेले. सरोजा माईकसमोर एकटी उभी आहे, हे चित्र मला दिसायला लागले. कुमुदलाही दिसत असावे, कारण ती म्हणाली, "चालत निघू या का?" आणि चप्पल तपासू लागली.

तेवढ्यात बाजूच्या बोडीकडून (लहान तलाव) एक माणूस सायकल ढकलत आला. सायकलवर ओले जाळे. मागे डोक्यावर मासोळ्यांच्या टोपल्या घेतलेल्या चार बायका.

"काऊन थांबल्या जी बाई?" त्याने विचारले.

आम्ही दोघींनी एकदमच सगळे सांगितले. त्याचे नाव श्रावणभाऊ. मासेमारी करणारा, पण त्याआधी बारा वर्षे घुग्घुसला ट्रकांच्या वायरिंगचे काम केलेला. देवच भेटला!

"लाल दिवा लागत होता का?"

"एकही नाही!" कुमुद अभिमानाने म्हणाली.

"तेच तं बिघाड हाय ना बाई."

कुमुद स्टिअरिंगमागच्या मीटरकडे वाकून पाहू लागली. श्रावणभाऊंनी बॉनेट उघडले आणि आम्हाला सोपे करून सांगितले. इंजिनाबरोबर फिरून बॅटरी भरणारा तो ऑल्टरनेटर. पण त्याला जागे करायला आधी चिमूटभर वीज लागते, आणि ती या लाल दिव्यातून जाते. "दिवा लागला पायजे, मंग गाडी चालू झाली का विझला पायजे. दोन्ही झालं तरच बरोबर. तुमचा तं लागलाच नाई. सकाळपासून नुसती बॅटरी खाऊन राह्यले तुमी."

त्यांनी पहिल्यांदा सगळे दिवे, पंखा, रेडिओ बंद करवले. एका बाईला घराकडे पिटाळले. ती एक बल्ब घेऊन आली, त्याला दोन लांब वायरी जोडलेल्या. श्रावणभाऊंनी ऑल्टरनेटरची बारीक वायर काढून इंजिनाच्या लोखंडाला टेकवली. "किल्ली फिरवा जी. पेटला का मीटरात?"

"नाही!"

मग त्या बल्बाची एक वायर बॅटरीला आणि दुसरी ऑल्टरनेटरवर, जिथली बारीक वायर काढली होती त्या टोकाला लावली. बल्ब मिणमिणला.

"हे पाहा, आतलं बरं हाय. मीटरातला दिवा गेला, नाईतं वायर तुटली. आता आपला दिवा लावू."

बल्ब बॅटरीवरून काढून, किल्ली फिरवल्यावर वीज येते त्या वायरीला त्यांनी जोडला. त्याची दुसरी वायर गाडीच्या आतून, रबराच्या भोकातून ऑल्टरनेटरकडे नेली. बल्ब आला तो थेट माझ्या मांडीवर. पण मला तो हातात धरून बसता आले नाही, कारण गाडी ढकलायची होती. श्रावणभाऊ, चार बायका आणि मी. उतार होता म्हणून निभावले.

"हुईऽऽश्शा!" बायकांनी आरोळी दिली. गाडी हलली, माझी चप्पल मागे राहिली, गाडीला एक हिसका बसला आणि इंजिन घुरघुरले. मी एका पायाने पळत खिडकी गाठली. बल्ब सीटवर पेटलेला.

"रेस द्या जी!" श्रावणभाऊ ओरडले.

कुमुदने रेस दिली. बल्ब पिवळा झाला, तांबूस झाला आणि गेला.

"विझला! विझला!" मी किंचाळले. बायका टाळ्या पिटू लागल्या. त्याच वेळी सिरोंच्याकडून एसटी आली. दिवा विझला म्हणून नाचणाऱ्या पाच बायकांकडे तिच्यातले सगळे प्रवासी माना बाहेर काढून पाहत गेले.

"पेटला तं थांबा, विझलेला राह्यला तं चालत राहा," श्रावणभाऊ म्हणाले. "गाडी बंद नका करू." शंभर किलोमीटर मी त्या विझलेल्या बल्बाकडे पाहत बसले. दोन्ही बाजूंचे जंगल कसे होते ते मला विचारू नका.

चारला पाच मिनिटे कमी असताना शाळेत शिरलो. सरोजा भाषणाला उभीच राहत होती. आम्हाला पाहिले, तेलाचे काळे पट्टे उठलेल्या आमच्या साड्या पाहिल्या, आणि माईकवरच तिथल्या तेलुगूत ओरडली, "इद्दरू वच्चारु!" (दोघी आल्या!). मग तिला हसू आवरेना. रडायचे राहूनच गेले. ती मराठीत बोलली, तेलुगूत बोलली, आणि जंगलातल्या गावांतून आलेल्या पोरांसाठी चार वाक्ये गोंडीत. पहिल्या रांगेत बसून आम्हाला निम्मेच कळले. टाळ्या मात्र सगळ्यांत जास्त आम्हीच वाजवल्या. संध्याकाळी पुलिहोरा (चिंचेचा आंबटतिखट भात) खाल्ला आणि गोदावरीच्या वाळूत तिघी अंधार पडेपर्यंत बसलो. "उद्या सकाळी उठून काय करू ग?" सरोजाने हळूच विचारले. कुमुद म्हणाली, "गाडीत बसायचं."

तिसऱ्या दिवशी परतताना आम्ही तिघी होतो. सिरोंच्याला विकत घेतलेला छोटा बल्ब श्रावणभाऊंनी मीटर उघडून बसवला. किल्ली फिरवली. बॅटरीचा लाल दिवा लागला! इंजिन सुरू झाले, तो विझला. तिघींनी सात-आठ वेळा करून पाहिले, तेव्हा श्रावणभाऊ म्हणाले, "आता पुरे जी, बॅटरीले दम घेऊ द्या." त्यांच्या घरी झिंग्यांची भाजी आणि गरम भात जेवून निघालो.

नाशिकला पोहोचल्यावर ज्याने त्याने एकच विचारले, "चंद्रपूरला गेला होतात, वाघ दिसला का?"

नाही दिसला. पण मागच्या सीटवर सरोजा होती, निवृत्तीनंतर दोनच दिवसांनी पाय पसरून घोरणारी, आणि आष्टीच्या पुलावर जागी होऊन तिने विचारले होते, "आता पुढे कुठे जायचं?" कुमुदने गाडी कडेला घेतली आणि आम्ही तिघी तिथेच, वैनगंगेच्या वर, नकाशा उघडून बसलो.