चिंबोऱ्यांपायी धरलेले रोजे

आंबेनळीच्या घाटात एसटीनं पोटातलं सगळं बाहेर काढलं, आणि मी नवी नवरी महाडला सासरी उतरले ती हिरव्या तोंडानं. दुसऱ्याच दुपारी सासूनं पुढ्यात ठेवलं चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण. लाल रश्शातून नांगे माझ्यावरच रोखलेले.

आता आम्ही वाईकडचे मुसलमान हनफी, हे कोकणातले शाफई. अल्ला एक, कुराण एक. पण शाफईंना पाण्यातलं सगळं हलाल, आणि आमच्यात त्यातलं मासळी सोडून काही चालत नाही. लग्न ठरवताना अब्बांनी घर बघितलं, मुलाची कुवेतची नोकरी बघितली. ताटाचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

सरळ सांगायचं ना! पण मी मोठी शहाणी. "खात नाही" म्हटलं तर त्यांच्या अन्नाला हराम म्हटल्यासारखं होईल, ही माझी अक्कल. म्हणून म्हटलं, रमजानचे राहिलेले रोजे पुरे करतेय. राहिले होतेच, बरं का. पण ते संपले तरी खाडीतल्या चिंबोऱ्या संपेनात. मग मी आपखुशीचे रोजे धरले. संध्याकाळी खजूर नि चहा घ्यायचा, डोकं दुखतंय म्हणून आडवं व्हायचं. गालफडं बसली.

सासू आधी कौतुकानं बघायची. मग बघेनाशी झाली. एक दिवस शेजारणीला म्हणाली, मला ऐकू जाईल अशी, "पोरीचं मन नाय लागत गो हितं. आमच्या हातचं गिळवत नाय तिला. बापाला सांगावा धाडलाय. घेऊन जाऊ दे."

नवरा सुट्टी संपवून समुद्रापार गेलेला. परत आलेल्या मुलीच्या धाकट्या बहिणींना कोण विचारणार?

अब्बा आले. व्याही म्हणून मानानं दस्तरखान अंथरला, आणि वाढलं काय? तेच! मी दाराआड चौकट धरून उभी. आता अब्बा ताट सारणार, आणि माझं सासर इथंच संपणार.

बिस्मिल्ला म्हणायला उघडलेलं तोंड अब्बांनी मिटलं.

"विहीणबाई, राग मानू नका. तुमच्यात हे हलाल आहे, आमच्यात नाही. अंडं-बिंडं असलं तर बघा."

चुलीवर भाकरी करपायला लागली, तरी कुणी उठेना. मग सासूनं सावकाश मान माझ्याकडं वळवली.

"म्हणून रोजे?"

मी मान डोलावली.

"कसले रोजे?" अब्बा गोंधळले.

"तोंडात जीभ नव्हती गो तुझ्या? मी आपली रोज भरलेली चिंबोरी तुझ्यासाठी बाजूला काढतेय, नि ही बया अल्लाला मध्ये घालतेय!"

ती उठली. ओटीवर बांधून ठेवलेली माझी ट्रंक पायानं आत ढकलली आणि अब्बांना म्हणाली, "अंडं करून देते. जेवा, नि एकटेच जा. हिला मी आज मगरिबला रोजा सुटला की बांगडे चारणार हाय."