भरती येईपर्यंतचं परराष्ट्रधोरण

माझ्या यजमानांचे मामा हयात होते तोवर नागावला स्वतःचं परराष्ट्रखातं होतं, असं मी म्हटलं तर कुलाबा जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना त्यात काही अतिशयोक्ती वाटणार नाही. दिल्लीला व्हाइसरॉय होता, मुंबईला गव्हर्नर होता, अलिबागेला कलेक्टर होता. पण या तिघांनाही वरच्याला विचारल्याशिवाय काही करता येत नसे. मामांना वर कुणी नव्हतं. मामी लवकर गेल्या होत्या.

एडनच्या बंदरात कोळशाच्या वखारीवर बावीस वर्षं कारकुनी करून मामा परत आले ते तीन गोष्टी घेऊन: एक पत्र्याची ट्रंक, एक भलामोठा इंग्रजी नकाशासंग्रह आणि जगातलं कुठलंही भांडण दोन राष्ट्रांतलं आहे असं समजायची सवय. आमच्या वाडीचं कुंपण ही त्यांची सरहद्द. शेजारच्या वाडीतली गाय आत शिरून अळू खाऊ लागली की आम्ही काठी शोधायचो, आणि मामा दौत शोधायचे. "आधी निषेध नोंदवायचा," असं त्यांचं म्हणणं. मग ते खलिता लिहीत, मामींच्या जुन्या खणाच्या चोळीची शिवलेली पिशवी होती तिच्यात घालत आणि स्वतःच नेऊन देत. शेजाऱ्याला अक्षरओळख नव्हती. तेव्हा मामाच तो त्याला वाचून दाखवत, आणि त्याच्या वतीने उत्तरही मामाच लिहीत. "जरा कडक लिवा हां मामा," शेजारी सांगे. मामा इमानाने कडक लिहीत, आणि ते उत्तर घेऊन घरी आले की दिवसभर दुखावलेले असत. "काय भाषा वापरली आहे बघ, सूनबाई," असं म्हणून मला दाखवत. तोवर गायीने अळू संपवलेलं असे.

माझं आणि माझ्या जावेचं लोणच्याच्या बरण्यांवरून एकदा बिनसलं, तेव्हा मामांनी तटस्थता जाहीर केली. दोघींनाही मोजून सारख्या सुपाऱ्या पाठवल्या आणि दोन्ही बाजू समजून घ्यायच्या म्हणून दोन्ही चुलींवर जेवले. पाच दिवसांनी समेट झाला, तेव्हा सगळ्यात हळहळले ते मामाच.

त्यांचा मोठा दोष म्हणजे बोलणं. किती वाजले विचारलं तर ते आधी एडनला किती वाजले असतील ते सांगत आणि मग तिथल्या घड्याळाच्या मनोऱ्यावर येत. माझ्या स्वयंपाकघराच्या दारावर मी एक कागद डकवून ठेवत असे. त्यावर मांडव्याच्या लाँचची वेळ, भरतीची वेळ, पापडांचे दिवस असं सगळं असे, आणि अगदी खाली, दूध चुलीवर असताना मामांसमोर काढायचे नाहीत असे विषय: एडन, कोळसा, सुएझ, तुर्कस्तान. मामांनी तो कागद एकदा वाचला आणि म्हणाले, "इजिप्त राहिलं, सूनबाई."

खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातला एक नाखवा आमचे नारळ-सुपारी आपल्या मचव्यातून मुंबईला नेई आणि येताना मामांची वर्तमानपत्रं आणी. तो धक्क्याला लागला की मामा हजर. "काय नाखवा, आज भरती किती वाजता?" नाखवा गंभीरपणे सांगे, "अल्लाच्या मेहेरबानीनं तीनच्या सुमाराला, मामासाहेब." भरतीची वेळ आमच्या दारावर लिहिलेली असे. तिथी मोजून तिची पाऊणपट केली की भरती किती वाजता ते कळतं, हे तर आमच्या किनाऱ्यावर पोरंसोरंही जाणतात. मग हा प्रश्न कशाला, असं मी एकदा विचारलं. मामा म्हणाले, "शेजारच्या राष्ट्राला रोज एक बिनकामाचा प्रश्न विचारावा. कामाचा विचारायची वेळ येते तेव्हा तोंडं उघडी असलेली बरी."

आणि एवढं कळणाऱ्या माणसाने नाखव्याशी दोन वर्षं अबोला धरला. झालं असं, की नाखव्याने तो नकाशासंग्रह एकदा पाहायला मागितला. महिन्याभराने परत दिला, तर अरबस्तानच्या किनाऱ्यावर पेन्सिलीने बारीक मोडीत जागोजाग काहीबाही लिहिलेलं. त्याने ते सगळे किनारे शिडाच्या बोटींवरून पाहिलेले. नकाशात चुकलं ते त्याने दुरुस्त केलं होतं. मामांनी पहिली एकच ओळ वाचली, 'इथे नकाशा चुकला आहे', आणि पुस्तक मिटलं. "नकाशात दुरुस्ती! विलायतेत छापलेल्या!" त्या दिवसापासून संबंध तुटले. वर्तमानपत्रं लाँचने येऊ लागली. नाखवा धक्क्यावर आला की मामा वाडीत झावळ्या मोजत.

मग एकोणीसशे तीस सालानंतरच्या एका हिवाळ्यातली ती सकाळ आली. बाँब हा शब्द तोवर आम्हाला वर्तमानपत्रातून माहीत होता, आवाज माहीत नव्हता. उजाडताना गुरव देवळाचं दार उघडायला गेला आणि पडवीत धडाका झाला. नारळाच्या करवंटीत दारू ठासून, काथ्याने करकचून बांधून, वात लावून कुणीतरी ती उंबऱ्यापाशी ठेवली होती. गुरवाचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला, पालखीची छत्री जळाली, एक खांब उभा चिरला. काथ्याचा तुकडा सापडला, त्याला चमत्कारिक गाठ होती. "ही मचव्यावरची गाठ हाय," कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांच्या माना धक्क्याकडे वळल्या. नाखव्याचा मचवा आमचाच माल भरून ओहोटीच्या चिखलात रुतून बसला होता. वर नाखवा आणि दोन खलाशी. पाणी येईपर्यंत तो हलणार नव्हता, आणि मचवा सोडून नाखवा हलणार नव्हता.

पोलीसपाटील वर्दी द्यायला अलिबागेला गेला. फौजदार यायला संध्याकाळ होणार होती. दहा वाजता देवळात गाव जमायचं ठरलं, आणि काय ठरणार तेही ठरल्यासारखंच होतं. गुरवाच्या पुतण्याने घासलेटचा डबा आणून खांबाशी ठेवला होता. मामांनी ट्रंकेतून एडनचा काळा कोट काढला, नकाशासंग्रह काखेत मारला आणि मला विचारलं, "सूनबाई, चतुर्थीची भरती किती?"

मी दाराकडे न बघताच सांगितलं, "तीनला पुरी. मचवा दीडच्या सुमारास तरंगेल."

"म्हणजे साडेतीन तास," मामा म्हणाले. "होईल. दोन तास तर एडनलाच जातात."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्या धक्क्याला अकरा पायऱ्या होत्या. सात बुडाल्या की मचवा सुटतो. आमच्या विहिरीवरून धक्का दिसे. मी दर थोड्या वेळाने पाहून यायचं, पाण्याचा तांब्या घेऊन देवळात जायचं आणि किती पायऱ्या बुडाल्या ते पदराआडून बोटांनी दाखवायचं, असं ठरलं.

मामा उभे राहिले. "हे कुणी केलं ते मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "तुम्हालाही नाही. पण असली कामं करणारा कशासाठी करतो ते मी सांगू शकतो. त्याच्यापाशी एक करवंटी दारू असते. तेवढ्यानं गाव जळत नाही. बाकीचं घासलेट आपण आणावं, अशी त्याची इच्छा असते." पुतण्याने डब्याकडे पाहिलं.

मग मामा एडनला गेले. कोळशाच्या जाती झाल्या, सुएझचा कालवा झाला, तुर्कस्तानचा सुलतान झाला. कुणी जांभया देऊ लागलं, कुणी उठून तंबाखू मळून परत येऊन बसलं. मी दोन बोटं दाखवली. शेवटी पुतण्या ओरडला, "मामा, माझ्या काकाचा हात जळलाय, आन् तुम्ही आमाला सुलतान सांगताव व्हय?"

"बस बाबा, तुझंच सांगतोय," मामा म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला. "वीस वर्षांमागं युरोपात एका पोरानं एका राजपुत्राला गोळी घातली. पोरगा जागच्या जागी धरला होता. त्याला शिक्षा करायची, त्याच्यामागं कोण ते शोधून काढायचं, झालं. पण त्या सरकारनं शेजारच्या देशाला खलिता पाठवला, अठ्ठेचाळीस तासांत उत्तर द्या म्हणून. शेजाऱ्यानं बरंचसं मान्य केलं, तरी यांना पुरेना. लढाईच हवी होती. महिन्याभरात आगबोटी माझ्या धक्क्याला कोळसा घ्यायला लागल्या, आपली माणसं भरून. एका डेकवरून एकानं ओरडून विचारलं, 'कुठले तुम्ही?' म्हटलं, नागाव. तो नाचायलाच लागला. 'मी चौलचा! आईला सांगा, बरा हाय म्हून.' मी रजेवर आलो तेव्हा सांगायला गेलो. माझ्या आधी तार पोचली होती. त्या बोटीच्या कोळशाच्या चिठ्ठीवर सही माझी होती. जाळणाऱ्याला सोडा असं मी म्हणत नाही, धराच. पण हात ज्यानं जाळला त्याला शोधायचं, हातापाशी जो सापडेल त्याला नाही."

देवळातल्या जांभया थांबल्या. पण ऐकणं म्हणजे पटणं नव्हे. साडेबारा झाले तेव्हा पाच पायऱ्या बुडाल्या होत्या आणि मामांचं सगळं जग सांगून संपलं होतं. मी त्यांना बोलताना अडखळलेलं पहिल्यांदाच पाहिलं. "झालं का मामा?" पुतण्या उठत म्हणाला. मामांनी काखेतलं पुस्तक काढलं. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी अरबस्तानचं पान उघडलं आणि दोन वर्षांपूर्वी न वाचलेली पेन्सिलीची अक्षरं मोठ्याने वाचायला लागले.

"'इथे नकाशा चुकला आहे. इथे पाणी दाखवलंय, पण खडक आहे. आमचा भाऊ इथे बुडाला.'" मामांनी चष्मा पुसला. "'इथे विहिरीचं पाणी गोडं.' 'इथली माणसं कोण कुठला विचारत नाहीत, आधी खजूर देतात.' 'इथे रात्री दिवा दिसतो त्यावर भरवसा ठेवू नये.'" बोट किनाऱ्याकिनाऱ्याने सरकत एडनला आलं, आणि थांबलं.

"काय लिवलंय तितं?" भिंतीला टेकून बसलेल्या गुरवाने विचारलं. त्याच्या हाताला कोरफड बांधली होती.

"'इथे मामासाहेब होते,'" मामा म्हणाले, आणि खाली बसले.

पुतण्याही पुन्हा खाली बसला. पाणी आणायच्या निमित्ताने मी दोनदा जाऊन आले. सात बोटं दाखवायची वेळ आली तेव्हा मामा माझ्याकडे बघतही नव्हते, शेवटी मी सरळ बोलूनच टाकलं, "मचवा तरंगला." सगळे उठले. पुतण्याने डबा उचलला आणि सगळ्यांच्या पुढे धक्क्यावर गेला. मागोमाग काळ्या कोटातले मामा, धापा टाकत. मचवा पाण्यावर डुलत होता, पण दोर सोडलेला नव्हता. नाखवा सुकाणूपाशी उभा होता.

मामा पुतण्याच्या पुढे गेले, आठव्या पायरीवर उभे राहिले आणि दोन वर्षांनी विचारलं, "काय नाखवा, आज भरती किती वाजता?"

नाखव्याने सुकाणू सोडलं. "तीनला, मामासाहेब. पन मी जात न्हाय. गेलो तर पळालो म्हनाल. फौजदार येऊ द्या." मग तो धक्क्यावर उतरला आणि काथ्याचा तुकडा मागून घेतला. "तोबा! ही खलाशाची गाठ न्हाय. ही गोनी बांधनाऱ्याची. असली गाठ मी मारली तर शीड माझ्याच डोक्यावर येईल."

पुतण्याने ती गाठ हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग त्याने डबा खाली ठेवला. पुढे महिन्याभराने फौजदाराने एका लांबच्या बंदरातला मालाचा दलाल पकडला. त्याला आमच्या खाडीत स्वतःची लाँच घालायची होती आणि आधी नाखव्याचा मचवा बंद पाडायचा होता. दारू त्याची होती. घासलेट आम्ही देणार होतो.

मामांनी नाखव्याला तीन पानांचा खलिता लिहिला. त्यात माफी हा शब्द कुठेच नव्हता, पण अरबस्तानच्या नकाशातल्या सगळ्या दुरुस्त्या 'तपासून मान्य' केल्या होत्या. नाखव्याने तो खणाच्या पिशवीसकट ठेवून घेतला. नंतर निषेध नोंदवायला पिशवी उरली नाही म्हणून मामा कुरकुरत, पण मागितली नाही त्यांनी. युरोपातल्या बातम्या पुन्हा बिघडायला लागल्या त्या साली ते गेले. शेवटच्या दुखण्यातही वर्तमानपत्र वाचून झालं की म्हणत, "कुणी कुणाला बिनकामाचं काही विचारतच नाही, सूनबाई."

तेराव्यानंतर मी पहिल्यांदा धक्क्यावर गेले, नारळ मोजून द्यायला. शंभर भरले, दुसरा शेकडा सुरू केला. नाखवा डोक्यावरची टोपी सारखी करत जवळ आला. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस. पाण्याचा नुसता वास घेऊन तो वेळ सांगू शकला असता.

"वैनी," तो म्हणाला, "आज भरती किती वाजता?"

माझी मोजणी चुकली. षष्ठी होती.

"साडेचारला," मी म्हटलं. "साडेचारच्या सुमारास."

आपल्याला ते ठाऊकच नव्हतं, अशा थाटात त्याने मान हलवली.