रांगेतला वेळ

ऑरिन ट्वेटची आणि माझी ओळख भांडणाने झाली आणि पुढची अकरा वर्षं ती भांडणावरच टिकली. अमेरिकेतल्या डुलूथ गावातल्या आमच्या कार्यालयात आम्ही पाच जण, खाली हार्डवेअरचं दुकान. पहिल्याच दिवशी मी केलेला तक्ता त्याने हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "ही सरासरी कुणी काढली?"

"मी," मी म्हणाले.

"नऊशे नव्व्याण्णव जण पोटभर जेवले आणि एक उपाशी मेला, तर सरासरीने सगळेच जेवले. मला तो एक दाखव." तक्ता परत देऊन तो कॉफी आणायला गेला. माझं नावसुद्धा विचारलं नाही. असला खडूस माणूस मी जन्मात पाहिला नव्हता.

आमचं काम असं. संगणकावरचा प्रत्येक प्रोग्रॅम डिस्ककडे सारखं काहीतरी मागत असतो. हे वाचून दे, ते लिहून ठेव. मागणी थेट डिस्ककडे जात नाही. मध्ये कर्नल बसलेला असतो, यंत्राचा कारभारी म्हणा. तो मागण्या रांगेत उभ्या करतो आणि जमेल तशा डिस्ककडे धाडतो. कुठल्या मागणीला किती वेळ लागला हे टिपणारा कर्नलमधला भाग वीस वर्षांपूर्वी ऑरिनने लिहिला होता. मागणी डिस्ककडे निघाली की घड्याळ बघायचं, उत्तर आलं की पुन्हा बघायचं, आणि जो फरक येईल तो ठरलेल्या खणात टाकायचा. एक ते दोन मिलिसेकंदांचा एक खण, दोन ते चारचा दुसरा, चार ते आठचा तिसरा, असे दुपटीने मोठे होत जाणारे खण. ऑरिन सगळ्यात आधी शेवटचा खण बघायचा. सगळ्यात जास्त खोळंबलेली मागणी तिथे सापडते.

त्या भागाचा राखणदारही तोच. आमच्यात रीत अशी की कर्नलमध्ये कुणालाही बदल सुचवता येतो, पण तो जगभरातल्या लोकांसमोर टपालयादीवर, म्हणजे सगळ्यांना एकदम जाणाऱ्या ई-मेलने, मांडावा लागतो आणि राखणदार हो म्हणाला तरच आत जातो. बदलाच्या तळाशी नावं असतात: लिहिलं कुणी, तपासलं कुणी, दोष दाखवून दिला कुणी. प्रत्येक नावापुढे ई-मेलचा पत्ता, आणि पाठवताना त्या प्रत्येक पत्त्यावर आपोआप एक प्रत जाते. उत्तरं येतात तीही सगळ्यांना.

बुधवारी रात्रीचं जेवण मी ऑरिनकडे करायचे. त्याची बायको मार्लिस. तिने तीस वर्षं शाळेची बस चालवली होती, त्यामुळे आमचं भांडण पेटलं की ती नुसती वळून बघायची आणि आम्ही गप्प व्हायचो. जेवणात तिची हॉटडिश, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेली खिमा-भाजी, वर बटाट्याचे खरपूस तुकडे लावलेली. आग्रह फक्त आपल्याकडेच असतो असं मला वाटायचं. इथला माणूस दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा विचारलं की मुकाट ताट पुढे करतो. आणि दुखलंखुपलं तर बोलायचंच नाही. पाय मोडला तरी "चाललंय, याहून वाईट असतं" एवढंच.

एका वर्षी नोव्हेंबरात विस्कॉन्सिनमधल्या एका दूधसंघाची तक्रार आली. दुधाचे टँकर फाटकात उभे, कारण वजनाची नोंद करताना पडदा चाळीस-चाळीस सेकंद गोठतो. ऑरिनचे खण उघडले तर सगळं आठ मिलिसेकंदांच्या आत. शेवटचे खण रिकामे.

"डिस्क निर्दोष आहे," ऑरिन म्हणाला.

"मग टँकर काय हवा खायला थांबलेत?"

आठवडाभर खोदल्यावर मला सापडलं. मागण्या कर्नलच्या रांगेतच अडकून पडत होत्या. एकदा डिस्ककडे गेल्या की लगेच उत्तर यायचं, आणि ऑरिनचं घड्याळ तर डिस्ककडे निघाल्यावरच सुरू व्हायचं. त्याआधीची चाळीस सेकंदं कुठल्याच खणात नव्हती. मी बदल लिहिला: मागणी रांगेत आली की घड्याळ सुरू. यादीवर पाठवला. ऑरिनचं उत्तर एका ओळीचं: "मी डिस्क मोजतो, रांग नाही. नामंजूर." डिसेंबरात सुधारून पुन्हा पाठवला, पुन्हा नामंजूर. समोरच्या टेबलावर बसून हा माणूस जगाच्या देखत मला झिडकारत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

जानेवारीत, बुधवारीच, मी जेवणाच्या टेबलावर विषय काढला.

"तुझे खण खोटं बोलतात, ऑरिन."

"माझे खण डिस्कबद्दल खरं बोलतात."

"मागणाऱ्याला त्याचं काय? तो मागितल्यापासून ताटकळतोय. तू त्याला धरतोस कधी, तर त्याचा नंबर लागल्यावर!"

मार्लिस भांडं हातात घेऊन उभी होती. तिने ते खाली ठेवलं. दुसरा हात बरगडीखाली दाबलेला होता. मी तो बघितला आणि भांडणाच्या भरात तिकडे दुर्लक्ष केलं.

"पोरगी बरोबर बोलतेय," ती म्हणाली. "वाट बघणारा पहिल्यापासून मोजतो, ऑरिन."

"तुला काय कळतंय यातलं? तू वाढ," तो हसत म्हणाला. मीही हसले. मार्लिसने वाढलं. तिच्या स्वतःच्या ताटात चमचाभरच होतं.

फेब्रुवारीत एका गुरुवारी तिने ऑरिनला सांगितलं की पोटात दुखतं. त्याने दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना फोन लावला, मिळाली ती पहिली वेळ घेतली. हे मला सांगायलाच हवं, कारण पुढे बरेच दिवस मी त्याच्यावर मनातून दात धरून होते. ज्या घडीला त्याला कळलं त्या घडीपासून त्याने एक दिवस वाया घालवला नाही. भेटीच्या दिवशी थंडीने त्याची गाडी सुरू होईना, म्हणून मी दोघांना घेऊन गेले. मार्लिस म्हणाली, "तूही आत ये. हा ऐकतो एक आणि लक्षात ठेवतो दुसरं."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

"बारा दिवस," ऑरिन म्हणाला. "गुरुवारपासून."

"ऑक्टोबरपासून," मार्लिस म्हणाली.

ऑरिन वळला. "तू मला गुरुवारी सांगितलंस."

"सांगितलं गुरुवारी. दुखतंय ऑक्टोबरपासून."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तुझी नवी आवृत्ती निघायची होती. मग ते दूधवाले आले. मग तुमचं दोघांचं जुंपलं होतं." ती कोटाचं बटण चाचपत होती. "म्हटलं, तुझं आटपलं की सांगू. फार काही दुखत नव्हतं तेव्हा."

ऑरिनने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे बघत राहिले. तिला थांबायला लावणाऱ्या गोष्टींमध्ये माझं भांडणही होतं, आणि तो बरगडीवरचा हात मी पाहिलेला होता. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कर्करोग, यकृतापर्यंत गेलेला. ऑरिनने विचारलं, ऑक्टोबरमध्ये आलो असतो तर? बाई म्हणाल्या, "कदाचित. नक्की सांगता येत नाही." मार्लिसने त्याच्या हातावर चापट मारली. "झालं ते झालं. चल, मला भूक लागलीय." तिला भूक लागली नव्हती.

जून संपता संपता ती गेली. चर्चच्या तळघरात हॅमचे सँडविच आणि सतरा तऱ्हेच्या गोड वड्या मांडल्या होत्या. लोक एकेक करून ऑरिनचा हात धरत होते आणि तो प्रत्येकाला "चाललंय" म्हणत होता. मला म्हणाला, "मी विचारायचो तिला. बरी आहेस ना, असं. बरी आहे म्हणायची." मग म्हणाला, "एकदाच विचारायचो."

मलाही ती आईसारखी होती आणि मी तर एकदाही विचारलं नव्हतं.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी सकाळी त्याचा फोन आला. "घरी ये. एक वाचून बघायचंय."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो संगणक घेऊन बसला होता. मार्लिसचा टॅब्लेट फ्रिजशेजारी तसाच उभा, वर पिठाचे डाग, चार्जर लावलेला. तो रोज चार्ज कोण करत होतं ते मी विचारलं नाही. ऑरिनने पडदा माझ्याकडे फिरवला. माझाच बदल होता, तिसऱ्यांदा पाठवायला तयार केलेला. लिहिणारी म्हणून माझं नाव. राखणदाराची मंजुरी, ऑरिन ट्वेट. खुलाशात एकच वाक्य त्याचं: "घड्याळ मी चुकीच्या जागी लावलं होतं, मागणाऱ्याचा रांगेतला वेळ कधीच धरला नाही." आणि खाली, दोष दाखवून देणाऱ्याच्या ओळीत, मार्लिस ट्वेट.

"पत्ता लागतो ना तिथे," तो म्हणाला. "तिचाच घातलाय. चालेल?"

"तिनेच दाखवला होता दोष," मी म्हणाले. "याच टेबलावर. मी साक्षीला होते."

त्याने पाठवायचं बटण दाबलं, आणि फ्रिजशेजारी टॅब्लेट टिंग करून वाजला.

आम्ही दोघेही दचकलो. प्रत आपोआप जाते हे आमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. ऑरिनचा चेहरा पांढरा पडला. मी उठले, म्हटलं, "आवाज बंद करते."

"राहू दे."

तासाभरात उत्तरं यायला लागली. शनिवार असूनही. ब्रनोहून एकाने तपासून बरोबर असल्याचं कळवलं. टिंग. ओसाकाहून एकीने आपल्या यंत्रांवर चालवून बघितलं, शेवटचे खण भरलेले दिसले. टिंग. हॅम्बुर्गचा एक गृहस्थ, ज्याने वीस वर्षांत कुणाला बरं म्हटलं नव्हतं, त्याने लिहिलं, "श्रीमती ट्वेट, हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आभार." टॅब्लेट वाजला की ऑरिन तिकडे बघायचा आणि मगच आपल्या पडद्यावर वाचायचा. त्याचे डोळे भरून वाहत होते आणि तो ते पुसत नव्हता. मीही रडत होते. मग मी कॉफी टाकली.

शेवटी एका नवख्या मुलीचं पत्र आलं. प्रश्न नेहमीचाच, आमच्यात प्रत्येक दोषाबद्दल विचारला जाणारा: हा दोष कधीपासून आहे?

उत्तर कोणीही देऊ शकलं असतं. वीस वर्षांपूर्वीच्या आवृत्तीचा आकडा टाकायचा, बस. ऑरिनने बोटं कळफलकावर ठेवली आणि बराच वेळ तशीच ठेवून बसला. कॉफी निवली. मग त्याने टाइप केलं, पुन्हा वाचलं नाही, पाठवून दिलं.

"ऑक्टोबरपासून. मला फेब्रुवारीत कळलं."

फ्रिजशेजारी टॅब्लेट वाजला.