वामन म्हात्र्याचं इंजिन आणि भागीरथीचा मंत्र

घणसोली गावात कुजबुज होती की वामन म्हात्र्याच्या इंजिनावर त्याची बायको भागीरथी मंत्र टाकते. डोळे मिटून, ओठ हलवत. समोरच्या गोजराबाईंनी तर मंत्र कुठल्या देवीचा तेही ठरवून टाकलं होतं.

घाटावरच्या माळावर दोघं बसतील अशी हलकी विमानं उडतात, त्यांची टू-स्ट्रोक इंजिनं वामनकडे यायची. खाडीतल्या होड्यांची इंजिनं उघडून त्याचे केस पिकलेले. कार्बोरेटरचा स्क्रू तो कानाने लावी. मीटर दाखवलं की नाक उडवी. गेलं वर्षभर टीव्ही मोठ्याने लावायचा. आम्हाला वाटलं, नवीन टीव्हीचा तोरा.

एका शनिवारी माळावर विमान उडवणारा केयूर दुरुस्त झालेलं इंजिन घेऊन गेला. रविवारी सकाळी चहा देताना भागीरथी जवळ येऊन म्हणाली, "काल इंजिन सुका वाजत व्हता."

"तू कोलंबी सोल."

"माज्या बापाची होडी अशीच वाजली, न् भर खाडीत बंद परली."

वामन हसला. मग कालच्या चाचणीनंतर इंजिनातून काढून ठेवलेला प्लग त्याने सहज उचलला. प्लग तपकिरी हवा होता. हा चुन्यासारखा पांढरा. पेट्रोल कमी, हवा जास्त. असं इंजिन वर गेल्यावर तापतं, पिस्टन अडकतो. स्वतःच्या कानावर भरवसा ठेवून त्याने काल प्लगकडे बघितलंच नव्हतं.

त्याने केयूरला फोन लावला. पलीकडून नुसती घरघर.

"काय? मोठ्याने बोल ना."

भागीरथीने फोन ओढून घेतला. केयूर सांगत होता, बहीण जाई मागच्या सीटवर बसलीय, निघतोच आता.

"तिला उतरव आदी," भागीरथी म्हणाली. "इंजिनात खोट हाय."

"काकी, काकांना द्या ना फोन."

"त्यांनीच सांगितलाय."

केयूरने दोनदा विचारलं, मग जाईला उतरवलं. इंजिन परत आलं. काय चुकलं ते वामनने त्याला सांगितलं, कसं चुकलं ते नाही. त्या दिवसापासून चाचणीला भागीरथी समोर स्टुलावर बसू लागली. मंत्राची आवई वामनने खोडली नाही. बहिऱ्याकडे विमानाचं इंजिन कोण देईल?

वामनला उजव्या कानाने ऐकू येत नाही, डाव्याने फार थोडं. इंजिन भागीरथी ऐकते. तिचे ओठ हलतात ते स्क्रू फिरवताना त्याला "अजून" आणि "बस" सांगायला.