मुखपृष्ठावरचा शिंपी

शालेय पाठ्यपुस्तकांची मुखपृष्ठे चितारण्यात जिची बावीस वर्षे गेली, त्या चित्रकर्तीच्या हाती प्रथमच एक खूनकथा आली, तेव्हा तिच्या आनंदाला पारावार उरला नाही. स्वयंपाकघरात जाऊन तिने सासूबाईंनाच हात धरून गिरकी घ्यायला लावली. प्रकाशकांनी मात्र बजावले होते: शुक्रवारी चारपर्यंत कच्ची रेखाटने पटली तर काम तिचे, नाही तर दुसऱ्याचे.

तिने हस्तलिखित दोनदा वाचले आणि शुक्रवारी सकाळी काडेपेटीएवढ्या सहा चौकटींत सहा कल्पना रेखाटल्या. हे तिचे व्रतच होते. इवल्या चौकटीत जे उठून दिसते, तेच दुकानाच्या फळीवर दिसते. चौकटी भिंतीवर डकवून तिने नवऱ्याला हाक मारली. कथेतले अक्षरही त्याला ठाऊक नव्हते. दाढीचा फेस पुसत तो आला, क्षणभर न्याहाळून म्हणाला,

"शिंप्याने मारलं ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"तूच की! इथे कात्री, इथे तुटलेलं बटण. आणि हा जिना बघ, कठड्याला चक्क शिंप्याची टेप गुंडाळलीस!"

तिने कपाळाला हात लावला. मुलांना पाहताक्षणी उमगले पाहिजे, हा संस्कार बोटांत इतका भिनला होता, की शेवटच्या पानावरचे रहस्य ती मुखपृष्ठावरच वाटून मोकळी झाली होती. पुन्हा पेन्सिल उचलून तिने कावळा काढला, तर त्याच्या चोचीत दोरा आला. नवरा हसता हसता खुर्चीवरून घसरला.

"हसू नकोस रे, अकरा वाजले!"

मग तिला सुचले, की शेवट ठाऊक असलेल्या डोळ्यांनी हे चित्र काढायचेच नाही. पहिली तीन प्रकरणे तिने सासूबाईंच्या हाती ठेवली. त्या माउलीने मटार सोलणे बाजूला सारून चष्मा चढवला आणि तासाभरात त्या न्यायासनावर आरूढ झाल्या.

"सूनबाई, त्या घरमालकाची बायको बघ. अजून प्रेत कोणाला सापडलेलंसुद्धा नाही, आणि ही बया पाचच कप चहा ओतते. सहावा पालथा! नवरा चहाला उठायचा नाही, हे हिला कसं गं आधीच ठाऊक?"

"आई, थांबू नका, असंच बोलत राहा!"

पेन्सिल धावू लागली. शुभ्र मेजावर पाच वाफाळते कप, सहावा पालथा. कात्री नाही, दोरा नाही.

प्रकाशकांनी हस्तलिखित संपादकाच्या भरवशावर स्वीकारले होते. ते स्वतः अजून चौथ्याच प्रकरणात होते. चार वाजता रेखाटन पाहून ते पुढे झुकले.

"बायकोने मारलं?"

चित्रकर्ती पेन्सिलीचे टोक न्याहाळू लागली.

"बायकोच ना? की... नको, सांगू नका! सांगाल तर काम काढून घेईन!"

"मी कुठे काही बोलले, साहेब?"

साहेबांनी रेखाटन स्वतःजवळ ओढले, पाचवे प्रकरण उघडले आणि मान वर न करताच म्हणाले, "काम तुमचंच. दार लावून घ्या."

ती जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम उतरली. रस्त्यावर पोचेपर्यंत तिने हसू आवरले. त्या दिवसाची तिची खरी तपश्चर्या तीच.