ललितच्या नावाचा पासवर्ड

मखमलाबाद नाक्यावरचा ललितचा फोटो स्टुडिओ पावसाळाभर बंद होता. लग्नसराई संपता संपता, कॉम्प्युटरसमोर काम करतानाच त्याच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. त्याची बायको मंजुषा काउंटर सांभाळायची, अल्बम बांधून द्यायची. आतल्या खोलीतल्या मशीनला तिने कधी हात लावला नव्हता. दसऱ्याच्या तोंडावर तिने शटर उघडलं ते सामान विकून मोकळं व्हायच्या विचाराने.

तेवढ्यात चांदवडहून लंकाबाई आल्या. त्यांच्या योगेशचं लग्न ललितने शूट केलं होतं. योगेश हायवेवर ट्रकखाली गेला, त्याचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं.

"एकट्याचा फोटो पाहिजे, ताई. अल्बम सूनबाई माहेरी घेऊन गेली. माझ्याकडं कायबी नाय."

मंजुषाच्याने नाही म्हणवलं नाही. "पुढच्या आठवड्यात या, मावशी," ती म्हणाली.

फोटो सगळे आतल्या मशीनमध्ये होते. त्यावर लिनक्स नावाची सिस्टिम, नुसता काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. फोटो बघायचे ते काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर, नेटवर्कमधून. तिने दोन्ही चालू केले, पण फोल्डर उघडेना. तिने वायरी काढून पुन्हा लावल्या, मशीन बंद करून परत चालू केलं. काही फरक नाही. शेवटी तिने पुण्याला शेखरला फोन लावला. ललितचा मित्र, ही सगळी मांडणी दोघांनी मिळून केली होती.

"वहिनी, घाबरू नका. मी सांगतो ते एकेक अक्षर टाइप करा."

मशीनमध्ये शिरायचा पासवर्ड तिला ठाऊक होता. नेटवर्क ठीक निघालं. फोल्डर इतरांना दाखवणारी सांबा नावाची सर्व्हिस मात्र बंद होती. लाल अक्षरात 'फेल्ड' आलं. शेखरने त्या सर्व्हिसची सेटिंगची फाइल तपासायला लावली. शेवटच्या ओळीत चूक निघाली. चौकटी कंस उघडलेला, पुढे येत्या लग्नसराईच्या फोल्डरचं नाव, आणि कंस बंदच केलेला नाही.

"हे असं अर्धवट कुणी ठेवलं, भाऊजी?"

शेखर हळूच म्हणाला, "त्या दिवशी त्यानेच उघडली असणार फाइल."

मंजुषा त्या ओळीकडे बघत राहिली. "ती ओळ पुसून टाका," शेखर म्हणाला. तिने पुसली नाही. कंस बंद केला, फाइल सेव्ह केली, सर्व्हिस पुन्हा सुरू केली. या वेळी अक्षरं हिरवी आली.

काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर फोल्डर दिसला, पण तो वेगळाच पासवर्ड मागू लागला. तो फक्त ललितला माहीत होता.

"तुमच्या नावाने नवीन युझर काढू," शेखर म्हणाला. "मग सगळे फोल्डर तुमच्या नावावर करून टाकू. एका कमांडचं काम."

लाइट बिल, गॅस, बँकेचं खातं. पावसाळाभर ती हेच करत आली होती. प्रत्येक ठिकाणी त्याचं नाव खोडून खाली आपलं लिहायचं.

"नको भाऊजी. एवढं तरी त्यांच्या नावावर राहू दे. पासवर्ड तेवढा बदलून द्या."

"मग दर वेळी त्याच्याच नावाने शिरावं लागेल, वहिनी."

"शिरेन."

लंकाबाई आल्या तेव्हा तिने योगेशचा फोटो छापून ठेवला होता. फेटा बांधलेला, एकटा, हसरा. म्हातारीने त्याच्या गालावरून बोट फिरवलं. फोल्डरमध्ये हळदीचा एक व्हिडिओही होता. मंजुषाने आधी पाहिलेला नव्हता. तिने तो लावला. हळदीने माखलेला योगेश खाली मान घालून बसलेला, आणि कॅमेऱ्यामागून आवाज आला, "नवरदेव, मान वर! माझ्याकडे नको, आईकडे बघून हसा."

मंजुषाचा माउसवरचा हात तिथेच थांबला.

लंकाबाई लेकाला डोळे भरून बघत होत्या. व्हिडिओ संपल्यावर त्यांचं तिच्याकडे लक्ष गेलं. "कोण गं बोलत व्हतं?"

"आमचे हे. पावसाळ्याआधीच गेले."

लंकाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि खुर्ची तिच्याजवळ ओढली. "परत लाव," त्या म्हणाल्या. "माझं बघून झालं. आता तू ऐक."

चांदवडची गाडी चुकली. दोघी तिथेच बसून राहिल्या.